हिरव्या दस्त्याची रायफल

अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला करायला काहीही काम नव्हतं. नवरा एका तेल कंपनीसाठी पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासायचा. त्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी आले होते, आणि त्या व्हिसावर मला नोकरी करायला मनाई होती. पुण्यात मी प्लॅस्टिक तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होते. नायलॉनच्या पट्ट्या मशीनमध्ये धरायच्या, ताणायच्या, तोडायच्या आणि कुठून कशा तुटल्या ते बघायचं. तेव्हा ते काम कंटाळवाणं वाटायचं. इथे दुसऱ्याच महिन्यात मला त्या मशीनच्या आवाजाची स्वप्नं पडायला लागली.

नवरा सकाळी एकुलती एक गाडी घेऊन जायचा आणि मग मी चालत सुटायचे. ऑगस्टच्या उन्हात, घामाने निथळत, सगळी घरं एकसारखी असलेल्या रस्त्यांवरून. तिथे कोणी चालत नाही. लोक गाडी थांबवून विचारायचे, "गाडी बंद पडली का तुमची?" मी म्हणायचे, "नाही, चालतेय." ते बिचारे जरा वेळ बघून निघून जायचे. घरी येऊन मी पाणी प्यायचे, पलंगावर आडवी व्हायचे, पाच मिनिटांत उठून पुन्हा चपला घालायचे.

अशीच एकदा परत येताना शेजारच्या घराचं गॅरेज उघडं दिसलं. सत्तरीच्या एक बाई तिथे एकट्या राहायच्या. सगळा जन्म त्यांनी शाळेची बस चालवली होती. त्यांचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. आमचं बोलणं तोवर हात हलवण्यापुरतंच झालं होतं. त्या दिवशी त्यांनी एका लांब टेबलावर रायफली मांडल्या होत्या आणि एकेक पुसत होत्या. दुसरी कोणी असती तर वळून गेली असती. पण माझी नजर दस्त्यांवर गेली. ते लाकडाचे नव्हते. तपकिरी, मधूनच गडद रेघा असलेले, पुढच्या बाजूला शंकरपाळ्यासारखे पांढरे तुकडे बसवलेले. त्या पृष्ठभागाची मंद चकाकी मी हजार वेळा बोटांनी चाचपलेली होती.

"मॅम, हे नायलॉन आहे का?" मी रस्त्यावरूनच विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "या गॅरेजमध्ये येणारा माणूस आधी विचारतो, भरलेली आहे का. हा प्रश्न पहिल्यांदाच आला." मग म्हणाल्या, "हो, नायलॉन आहे. ये आत."

साठच्या दशकात एका कंपनीने या बनवल्या होत्या, पॉइंट टू-टूच्या, म्हणजे अगदी लहान काडतुसाच्या. ससे, खारी मारायला, नाहीतर नुसते डबे उडवायला. तेव्हा लोक हसले होते, प्लॅस्टिकची खेळणी म्हणून. पण आखाताच्या दमट हवेत लाकडी दस्ते फुगायचे, वाकडे व्हायचे, आणि या रायफली मात्र ट्रकच्या मागे पडून पडून तीस-चाळीस वर्षं चालल्या. बाई हे सांगत असताना मी एक उचलली. इतकी हलकी की हात आपोआप वर गेला. बाजूची खुंटी मागे ओढून बघितली. आतला लोखंडी भाग नायलॉनवरूनच मागे-पुढे सरकत होता, तेलाचा थेंब नसताना. मी तो पुन्हा पुन्हा सरकवत राहिले.

"कुठे शिकलीस?" बाईंनी विचारलं. रायफल मी छताकडे नळी करून, बोट बाहेर ठेवून धरली होती.

अमरावतीला कॉलेजात मी एन.सी.सी.त होते. सतरंजीवर पालथं पडून फायरिंग करायचो आम्ही मुली. उस्ताद मागून ओरडायचे, "साँस रोको, फिर दबाओ!" माझं ग्रुपिंग चांगलं यायचं, म्हणजे पाचही गोळ्या जवळजवळ पडायच्या. कॉलेज संपलं आणि ते संपलं. लग्नात कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या गॅरेजमध्ये, त्या अनोळखी बाईंना, मी ते पहिल्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी मी रेंजवर जाते. चल."

संध्याकाळी मी नवऱ्याला हे उत्साहाने सांगितलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, आपण व्हिसावर आहोत. काही झालं तर दोघांनाही विमानात बसवतील."

तो चिडला नव्हता, घाबरला होता. जेवण तसंच टाकून तो कॉम्प्युटरवर बसला आणि बराच वेळ वाचत राहिला. मग मला बोलावलं. आमच्यासारख्यांना बंदुकीला हात लावायलाही बंदी होती. पण एक वाट होती: शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं.

"झालं तर," मी म्हटलं. "काढते लायसन्स."

"शिकारीचं? तू केकमध्ये अंडं आहे का विचारतेस!"

पण मी काढलं. त्यासाठी एक शिकवणी असते. ती एका चर्चच्या हॉलमध्ये होती. बाईंनीच सोडलं. टोप्या घातलेले बाप आणि त्यांची मुलं यांच्यामध्ये मी पंजाबी ड्रेस घालून बसले आणि हरणाच्या नेमक्या कुठल्या भागावर नेम धरायचा ते वहीत उतरवून घेतलं. शिकवणाऱ्या माणसाने विचारलं, "मॅम, तुम्ही कशाची शिकार करणार?" मी म्हटलं, "कशाचीच नाही." तो म्हणाला, "माझंही गेली काही वर्षं तसंच चाललंय."

नवऱ्याने एकच अट घातली, घरात बंदूक येणार नाही. मी कबूल केलं.

मग शनिवार आले. रेंज म्हणजे एका माळावर पत्र्याची लांब शेड, समोर मातीचा बांध. बाईंनी मला दस्त्याच्या मागच्या टोकातून नळी बाहेर काढून गोळ्या कशा सोडायच्या ते दाखवलं. पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या कागदभर पसरल्या.  दुसऱ्या खेपेला बाई मागून म्हणाल्या, "तू पुढच्या गोळीची घाई करतेस. ही गेलेली नसते, तोवर तू पुढच्या गोळीपाशी पोचलेली असतेस." खरं होतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा माझा जीव सतत पुढे सरकत असायचा. त्या शेडमध्ये मात्र गोळी सुटायच्या आधीच्या क्षणात सगळं थांबायचं. तेवढंच. पुढच्या क्षणी पुन्हा सुरू.

बाईही काही स्वस्थ प्राणी नव्हत्या. नवरा गेल्यापासून त्या घरात बसू शकत नव्हत्या. आठवड्यातून एकदा तरी ट्रक काढून लांबच्या गावांतली गहाणवटीची दुकानं, जुन्या बाजाराची मैदानं पालथी घालायच्या. आता त्या मला घेऊन जायला लागल्या. जाताना त्या चालवायच्या, येताना मी. त्यांच्याच ट्रकवर मी गाडी शिकले. दुकानात शिरलं की एकच प्रश्न, "नायलॉनच्या काही आहेत?" तपकिरी पुष्कळ मिळायच्या, काळ्या कमी. बाई त्या बघायच्या, कधी घ्यायच्याही. पण त्यांचा डोळा हिरव्यावर होता. कंपनीने थोडा काळच हिरव्या दस्त्याच्या रायफली काढल्या होत्या, म्हणून त्या दुर्मिळ. पण बाईंचं कारण ते नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने त्यांना हिरवी रायफल आणली होती. एका उन्हाळ्यात दोघं एका तळ्याकाठी रोज संध्याकाळी डबे उडवायचे. मग कोणीतरी ट्रकची काच फोडून ती नेली. नवरा असेपर्यंत त्यांना तिची आठवणही येत नव्हती. तो गेल्यावर ती पाहिजेच झाली.

दीड वर्ष आम्ही अशा हिंडत होतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी हळदीकुंकवाला मला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, तू म्हणे कोणा अमेरिकन बाईबरोबर बंदुका विकतेस?" मी म्हटलं, "विकत नाही काकू, बघते नुसत्या." त्यांना ते जास्तच वाईट वाटलं असावं.

आणि एका जुन्या बाजारात, लुईझियानाच्या हद्दीजवळ, आम्हाला हिरवी दिसली.

ती एका टेबलावर इतर सामानाच्या मधोमध पडली होती. बाई थबकल्या. मग सावकाश जवळ गेल्या, विकणाऱ्याला विचारून उचलली आणि खांद्याला लावली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. गडद, शेवाळी हिरवा रंग, पांढरे शंकरपाळे जागच्या जागी. विकणारा म्हणाला, हे त्याच्या मामाच्या घरातून आलंय, याहून जास्त त्याला माहीत नाही.

बाईंनी ती माझ्या हातात दिली. "बघ."

मी बघितली. रंग सुंदर होता, पण फार सारखा होता. साच्यात घालतानाच रंग मिसळलेला असला की नायलॉनमध्ये प्रवाहाच्या रेघा दिसतात, त्या इथे नव्हत्या. कडा किंचित गुळगुळीत झाल्या होत्या, वर काहीतरी चढवल्यासारख्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "दस्त्याच्या मागची पट्टी काढता येईल का?"

विकणाऱ्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. पट्टी निघाली. तिच्याखाली, जिथे फवारा पोचला नव्हता तिथे, स्वच्छ तपकिरी रंग होता.

"रंगवलेली आहे," मी म्हटलं. विकणारा खांदे उडवून म्हणाला की त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते खरं वाटत होतं. बाईंनी रायफल परत टेबलावर ठेवली, त्याचे आभार मानले आणि ट्रककडे चालू लागल्या. येताना चालवायची पाळी माझी होती, पण किल्ली त्यांनी दिली नाही.  घराशी उतरताना मी म्हटलं, "तुम्हीच बघ म्हणालात."

"बघ म्हणाले," त्या म्हणाल्या. "उघड म्हणाले नव्हते."

पुढचे कित्येक शनिवार त्यांचं गॅरेज बंद होतं. मी दोनदा केळ्याचा केक करून दाराशी ठेवला, बिनअंड्याचा. डबे धुऊन माझ्या दाराशी परत आले, चिठ्ठी नाही, काही नाही. मी पुन्हा चालायला लागले. आपण बरोबर होतो हे मला माहीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खोटं बोलायला हवं होतं का? बोलले असते तर पुढे कधीतरी त्यांनीच ती पट्टी उघडली असती. की नसती उघडली? चालता चालता मी दोन्ही बाजूंनी भांडायचे.

मग २००५च्या सप्टेंबरात एक मोठं वादळ आखातात शिरलं. टीव्हीवर दिवसभर तो गरगरणारा पांढरा भोवरा, आणि आपल्याच दिशेने येणारा बाण. नवरा तेव्हा प्रोजेक्टसाठी कतारला होता. तो तिथून फोनवर सारखा म्हणत होता, "निघ, कोणाबरोबरही निघ." कोणाबरोबर निघू? ओळखीचे सगळे आधीच गेले होते. मी कागदपत्रं आणि मंगळसूत्र एका पिशवीत भरून सोफ्यावर बसले होते, उठत होते, बसत होते. तेवढ्यात दार वाजलं.

बाई होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर काळा चष्मा. जणू मधले महिने झालेच नाहीत अशा आवाजात म्हणाल्या, "मला एका डोळ्याने हायवेवर जाता येत नाही. तू चालवणार का?"

मी दशम्या, चटणी आणि घरात होत्या तेवढ्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. ट्रकच्या सीटमागे ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोनच रायफली घेतल्या होत्या त्यांनी, बाकीच्या पोटमाळ्यावर ठेवून आल्या होत्या. त्यांची चुलत बहीण उत्तरेकडे एका गावात राहायची, एरवी तीन तासांवर. पण त्या दिवशी अख्खं ह्यूस्टन रस्त्यावर होतं. गाड्यांच्या रांगा क्षितिजापर्यंत, आणि रांग हलत नव्हती. पेट्रोल संपलेल्या गाड्या कडेला लागलेल्या. पेट्रोल वाचवायला आम्ही एसी बंद केला. काचा खाली केल्या तर तव्यावरची हवा आत आली. मला ब्रेकवरचा पाय आवरेना, सारखं वाटत होतं उतरावं आणि चालत सुटावं. शेजारच्या गाडीतलं बाळ रडून रडून थकलं होतं. मी एक बाटली त्यांना दिली. बाईंनी दुसरी दिली.

दुपारी केव्हातरी मी दशमी पुढे केली. त्यांनी ती वास घेऊन खाल्ली, अजून एक मागितली, आणि खात खात म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. त्या रंगवलेल्या रायफलीचं."

"मी उघडायला सांगायला नको होतं."

"ऐक आधी. तू पट्टी काढायला लावलीस तेव्हा मला राग कशाचा आला माहितेय? मला सुटल्यासारखं वाटलं, त्याचा." त्यांनी काळा चष्मा काढून डोळा पुसला. "ती खांद्याला लावली आणि मला काहीच वाटलं नाही. मग घरी जाऊन जुने फोटो काढले. तळ्याकाठचा फोटो आहे. मी, तो, रायफल. पण सगळं काळं-पांढरं. बसून बसून बघितलं. ती हिरवी होती की नव्हती, मला खरंच आठवत नाही. इतकी वर्षं मी हिरवी हिरवी म्हणत आले. तपकिरीच असेल कदाचित. तशा सात-आठ माझ्या गॅरेजमध्येच आहेत."

 मला हसू फुटलं. आवरायला गेले तर जास्तच आलं. उकाड्याने, भीतीने, कशानेही असेल. बाई क्षणभर माझ्याकडे रोखून बघत होत्या, मग त्याही हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, कारण पुढची रांग चक्क एक गाडीभर सरकली होती.

वादळ ऐन वेळी पूर्वेकडे वळलं. शुगर लँडला फांद्या पडल्या, तेवढंच. आम्ही परतलो तेव्हा पोटमाळा कोरडा होता.

आमच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मला वाटलं होतं बाई आता शोध थांबवतील, पण त्या शोधतच राहिल्या. फक्त आता दुकानात रंग सांगत नसत. मी विचारलं, "मग कशासाठी जायचं?" त्या म्हणाल्या, "घरी काय करू?" माझाही प्रश्न तोच होता.

२००७च्या उन्हाळ्यात सरकारने एकदम दार उघडलं. वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसांना ग्रीन कार्डचा अर्ज भरता येईल असं जाहीर केलं. आम्हीही भरला. त्यातून मला काम करायचा परवाना मिळाला, आणि एका प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. पहिल्या दिवशी मी मशीनमध्ये पट्टी धरली आणि ताणली. ती तटकन तुटली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. बाजूचा तरुण सहकारी म्हणाला, "आर यू ओके?" मी म्हटलं, वासाची सवय राहिली नाही. आठवडाभर मला गाढ झोप लागली. मग पुन्हा पूर्वीसारखीच लागेनाशी झाली. तोवर मी समजून चालले होते की ही चुळबुळ व्हिसाची आहे. ती माझी स्वतःची निघाली.

पुढच्या वसंतात बाई अ‍ॅरिझोनाला मुलीकडे राहायला गेल्या. दुसरा डोळाही आता साथ देत नव्हता. संग्रह त्यांनी एका व्यापाऱ्याला दिला. तो एकेक रायफल नेत होता तेव्हा त्या खुर्चीत बसून त्याला मागून सूचना देत होत्या, "तिचा घोडा कडक आहे, ओढू नको." सगळं झाल्यावर त्यांनी एक तपकिरी रायफल माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "घरी चालणार नाही, माहितेय ना?" तेव्हा मागून नवरा म्हणाला, "मी कुलपाचं कपाट आणलंय." तो सामान चढवायला मदत करायला आला होता. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, जणू त्यांना माहीत होतं.

निरोप असा घेतलाच नाही. मुलगी गाडीत थांबली होती. बाईंनी माझा गाल थोपटला आणि म्हणाल्या, "पुढच्या गोळीची घाई करू नको." मी हो म्हटलं. दोघींनाही ठाऊक होतं की मी करणार.

त्या शनिवारी मला घरात बसवेना. कपडे धुतले, फ्रीज पुसला, वर-खाली केलं. नवरा म्हणाला, "चल, मी येतो तुझ्याबरोबर." त्याच्याकडे शिकारीचं लायसन्स नव्हतं, म्हणून त्याने रायफलीला हातही लावला नाही. कानांवर आवाज अडवणारे मोठाले मफ लावून शेडमध्ये माझ्या मागे बाकावर बसला आणि लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने बघते तर लॅपटॉप बंद होता आणि तो दुर्बिणीतून माझा कागद बघत होता.

"डावीकडे जातायत सगळ्या," तो मोठ्याने ओरडला.

"माहितेय!"

"मग उजवीकडे मार की!"

शेजारचा म्हातारा हसला. मी श्वास रोखला आणि मारली. कागदाकडे न बघता नळीत पुन्हा गोळ्या सोडायला लागले. दुपार उलटेपर्यंत आम्ही तिथे होतो.

येताना मी चालवत होते. हायवेवरून घराकडे वळायचा आमचा एक्झिट आला, मी सरळ पुढे गेले. नवऱ्याने मागे वळून पाटीकडे बघितलं. "अगं, सुटला."

"माहितेय."

"मग कुठे चाललो आपण?"

"ठरवलं नाही," मी म्हटलं. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग सीट मागे केली, बूट काढले आणि पाय डॅशबोर्डवर ठेवले.

"पुढे कुठेतरी चहा मिळतो का बघ," तो म्हणाला.